मिळालेले विषय, निवडलेले विषय : कोल्हापूर आणि परदेशी विज्ञानशिक्षणाची वाट

दहावीचा निकाल लागला, की कोल्हापुरातील घराघरांत एक चर्चा सुरू होते. अकरावीला विषय कोणते घ्यायचे? गणित ठेवायचे, जीवशास्त्र ठेवायचे, की दोन्ही? दुसरी भाषा म्हणून मराठी घ्यायची, की तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान? अलीकडे या चर्चेला आणखी एक पदर जोडला गेला आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाणे आता नवे राहिलेले नाही. बारावीनंतर लगेच, विज्ञानाच्या पहिल्या पदवीसाठीच मुलाला किंवा मुलीला जर्मनीला, इंग्लंडला, अमेरिकेला पाठवण्याचा विचार करणारी कुटुंबे आता या गावातही आहेत. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने प्रवेश-अर्जावर केलेल्या खुणांना पूर्वी नव्हते इतके वजन आले आहे.

मराठीच्या अध्यापकाकडे हा प्रश्न घेऊन सहसा कोणी येत नाही. आलेच, तर ‘मराठी सोडून दुसरा विषय मिळेल का’, एवढे विचारण्यापुरते येतात. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, याचे कारण असे, की या प्रश्नाला दीडशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे. त्या इतिहासातील काही ठळक प्रकरणे कोल्हापुराशी जोडलेली आहेत, आणि ती आपल्या हाती लागतात ती पत्रांतून, चरित्रांतून आणि आत्मचरित्रांतून, म्हणजे साहित्याच्या अभ्यासकाच्या नित्याच्या सामग्रीतून. ती सामग्री विषयनिवडीच्या अंगाने वाचली तर काय दिसते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

दुसऱ्या भाषेचा उंबरठा

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांमध्ये महादेव गोविंद रानडे होते. त्यांचे बालपणीचे शिक्षण कोल्हापूरच्या इंग्रजी शाळेत झाले होते. मॅट्रिकला इंग्रजी अनिवार्य होते. तिच्या जोडीला दुसरी भाषा कोणती घ्यावयाची, हा विद्यार्थ्यापुढील खरा निवडीचा प्रश्न. थोड्याच वर्षांत विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषांना बाजूला सारले आणि तेथे संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांची प्रतिष्ठापना केली. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून पुढे याच रानड्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट केली. १९०१ च्या सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली, त्यामागे ही खटपट होती. आज आपण मराठीत एम.ए. करतो, तेव्हा अशा एका विषयनिवडीचा लाभ घेत असतो, जी जवळजवळ चार दशके उपलब्धच नव्हती.

ही केवळ वसाहतीतील तऱ्हा होती, असे मात्र नाही. खुद्द केंब्रिजमध्ये विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या इंग्रज मुलालाही शाळेत असतानाच ग्रीक आणि लॅटिन यांची तयारी करावी लागे. ग्रीकची सक्ती पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली गेली. लॅटिनची १९६० पर्यंत टिकली. प्रयोगशाळेत जाण्यासाठी आधी व्याकरणाचा उंबरठा ओलांडावा लागत होता. याचा अर्थ असा, की परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटी त्या शास्त्राच्या अंगभूत गरजेतूनच येतात असे नव्हे. त्यांत त्या त्या समाजाच्या प्रतिष्ठेच्या कल्पना मिसळलेल्या असतात.

या उंबरठ्यावर कोणाला अडवले जाई, याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले, आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या गुणपत्रिकेतील ‘फारसी’ हा शब्द कोणा अनभिज्ञाला विद्यार्थ्याची आवड वाटेल. वस्तुतः ती नकाराची नोंद आहे. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केले. या प्रकरणाचा कोल्हापुराशी संबंध येतो तो नंतर. १९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले, आणि त्याच वर्षी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी आंबेडकर लंडनला परतले. तेथे १९२३ साली त्यांना जी पदवी मिळाली, ती होती डी.एस्सी., आणि विषय होता अर्थशास्त्र. भारतातील ‘आर्ट्स’ आणि ‘सायन्स’ यांच्या कुंपणाला लंडनमध्ये तेच रूप नव्हते, हे त्या दोन-तीन अक्षरांवरून ध्यानात येते.

शाहू महाराजांच्या वसतिगृहांकडेही या दृष्टीने पाहता येईल. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. त्यांचे सामाजिक महत्त्व आपण नेहमी सांगतो. शैक्षणिक बाजू सांगायची राहून जाते. ज्या खेड्यात शाळाच चौथीपर्यंत असते, तेथील मुलाला बीजगणित आणि भूमिती ‘निवडता’ येत नाही. त्याला आधी शहरात झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते. विषयनिवड ही गोष्ट वसतिगृहाच्या पायरीवर सुरू होते.

आनंदीबाई : विषयांवाचून तयारी

कोल्हापुराशी दोन टोकांनी जोडलेले चरित्र डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे पती गोपाळराव पोस्टखात्यात होते आणि बदल्यांच्या फेऱ्यात हे दांपत्य काही काळ कोल्हापुरात राहिले. १८७८ साली येथूनच गोपाळरावांनी, कोल्हापुरात दीर्घकाळ काम करून अमेरिकेस परतलेल्या वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. ते पत्र वाइल्डर यांच्या मासिकात छापले गेले आणि १८८० साली न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले. पुढची हकीकत सुपरिचित आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ती घराघरांत नेली.

आपल्या प्रश्नाच्या संदर्भात या हकीकतीतील एक बाजू अधिक न्याहाळण्यासारखी आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. त्या वेळी त्यांच्यापाशी मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते. रसायन, पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र यांपैकी कोणताही विषय त्या कोणत्याही शाळेत रीतसर शिकलेल्या नव्हत्या. मिशनच्या शाळेतील थोडे दिवस आणि घरी गोपाळरावांच्या करड्या शिस्तीत झालेला अभ्यास, एवढीच पूर्वतयारी. आणि त्यांना प्रवेश देणाऱ्या अधिष्ठात्या रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या! ज्या बाईंना रसायनाची पूर्वतयारी म्हणजे काय हे सर्वांत चांगले ठाऊक होते, त्यांनीच ती नसलेल्या विद्यार्थिनीला प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली.

हे कशाच्या बळावर घडले? आनंदीबाईंनी आपली पात्रता मांडली ती पत्रातून. आपण का शिकू इच्छितो, आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-वैद्याची गरज का आहे, आपल्यात काय उणे आहे, हे त्यांनी परभाषेत नेमकेपणाने लिहिले होते. कार्पेंटरबाईंशी झालेल्या पत्रव्यवहारातून त्यांची इंग्रजी घडत गेली होती, आणि तिच्याबरोबर विचार मांडण्याची पद्धतही. भाषा हाच त्यांच्या हाती असलेला एकमेव ‘विषय’ होता.

मात्र या गोष्टीचा गोड निष्कर्ष काढून थांबणे बरे नव्हे. पूर्वतयारी नसल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात इतरांना जे आधी ठाऊक होते, ते त्यांना शिकत शिकत भरून काढावे लागले, तेही परक्या हवेत, अपुऱ्या आहारावर, खालावत्या प्रकृतीने. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम.डी. झाल्या. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. येथे मात्र निवड त्यांची स्वतःची होती, आणि ती त्यांनी आपल्या परंपरेतून केली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे देऊ केली. पण ती हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या गावातून पहिले पत्र गेले, त्या गावापर्यंत ती विद्या परत पोहोचू शकली नाही.

नारळीकर : घरातला फळा

आनंदीबाईंच्या उलट टोकाचे उदाहरण नारळीकर घराण्याचे. विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ साली कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले आणि १९३० साली गणिताची ट्रायपॉस परीक्षा विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण झाले. १९३२ साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख म्हणून रुजू झाले. सापेक्षतावादाच्या संशोधनाची एक परंपराच त्यांनी तेथे उभी केली.

या वाटेची आखणी त्यांच्या आधी झालेली होती. फर्ग्युसनचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले, तेव्हापासून ‘गणित घ्यावे, बी.ए. किंवा बी.एस्सी. व्हावे, मग केंब्रिजला जाऊन पुन्हा पदवीची परीक्षा द्यावी’ हा मार्ग मराठी मध्यमवर्गाच्या मनात रुजला. ‘रँग्लर’ हा शब्द तर नावामागे लावण्याची पदवीच होऊन बसला. या मार्गात एक शहाणपण होते. येथील शालेय शिक्षण आणि तेथील अपेक्षा यांतील अंतर शाळेत भरून निघणार नाही, हे गृहीत धरून ते येथील महाविद्यालयात भरून काढले जाई. परदेशी जाणारा विद्यार्थी सतरा वर्षांचा नसून वीस-एकवीस वर्षांचा असे.

विष्णुपंतांचे पुत्र जयंत यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९ जुलै १९३८ चा. आई सुमतीबाई कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातील, संस्कृतच्या अभ्यासक. याच घराण्यातील वसंत शंकर हुजूरबाजार यांनीही केंब्रिजला संख्याशास्त्रात पीएच.डी. केली आणि पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र विभागाचा पाया घातला. जयंतरावांचे बालपण बनारसला गेले. त्यांनी सांगितलेली एक आठवण सर्वश्रुत आहे. वडिलांनी मुलांसाठी घरात फळे लावून घेतले होते. बनारसला शिकण्यासाठी येऊन राहिलेले मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मोरूमामा, त्या फळ्यावर गणिताचे एखादे आव्हान लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत ते तसेच राहू देत. कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला हा विषय होता. १९५७ साली बी.एस्सी. होऊन जयंतराव केंब्रिजला गेले आणि १९५९ साली सीनियर रँग्लर झाले.

अशा घरातील मुलाला विषय निवडावे लागले, असे म्हणणे धाडसाचे होईल. ते त्याच्या भोवती होतेच. गणित जेवढे होते, तेवढेच संस्कृत आणि मराठीही होती. नारळीकरांच्या पुढील आयुष्यात याचे फळ स्पष्ट दिसते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली, की हे नाव होते. तिला पारितोषिक मिळाले, आणि मराठी विज्ञानकथेच्या एका पर्वाचा आरंभ झाला. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांइतकेच मराठी वाचकही हळहळले. मराठी हा विषय कारकिर्दीच्या आड येतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पडताळून पाहावे.

याच संदर्भात आणखी दोन नावे थोडक्यात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण अमेरिकेत केंब्रिज येथील ‘हाय अँड लॅटिन स्कूल’मध्ये झाले. १९२९ साली ते हार्वर्डचे पदवीधर झाले. गणित हा त्यांचा व्यवसाय, पण भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनीच सिद्ध केली. दुसरे नाव कमला सोहोनी यांचे, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनींचे. मुंबई विद्यापीठाची पदवी रसायन घेऊन प्रथम क्रमांकाने मिळवूनही बंगळूरच्या संस्थेत, केवळ स्त्री म्हणून, सी. व्ही. रामन यांनी त्यांना आरंभी प्रवेश नाकारला. हट्टाने तो मिळवून त्या पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली जीवरसायनात पीएच.डी. झाल्या. विषय योग्य, गुण उत्तम, तरी दार बंद. आंबेडकरांना विषय नाकारला गेला, कमलाबाईंना विषय असूनही जागा नाकारली गेली. त्यांच्या घरात मात्र वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. लढण्याचे बळ कोठून आले, हे समजायला एवढे पुरेसे आहे.

आजची अकरावी

कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर महाराष्ट्राने १९७० च्या दशकात १०+२+३ ही रचना स्वीकारली. जुनी अकरावी मॅट्रिक गेली आणि विषयनिवडीचा निर्णायक क्षण दहावीनंतर आला. कला, वाणिज्य, विज्ञान ही तीन दारे पंधराव्या-सोळाव्या वर्षी एकदाच उघडू लागली. विज्ञानातही पीसीएम आणि पीसीबी असे गट घराघरांतील बोलीत रूढ झाले. इंग्रजी अनिवार्य राहिली. दुसरी भाषा मात्र पर्यायी झाली. चालत आलेल्या योजनेत विद्यार्थी तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेऊ शकतो, आणि द्विलक्षी अभ्यासक्रम घेतला तर दुसरी भाषा आपोआपच सुटते. निवडीमागचे कारण बहुधा गुणांचे असते, आवडीचे क्वचित.

परदेशी पदवीच्या अटी या गटांशी नेमक्या जुळत नाहीत. इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षी विद्यार्थी साधारण तीन विषय सखोल शिकलेला असतो. केंब्रिजला गणित शिकायचे, तर शालेय पातळीवर ‘गणित’ आणि ‘उच्च गणित’ असे दोन विषय अपेक्षित असतात. वैद्यकाला रसायन जवळजवळ सर्वत्र लागते. भौतिकशास्त्राला गणितावाचून प्रवेश नाही. जर्मनीत केवळ बारावीच्या बळावर थेट प्रवेश बहुधा मिळत नाही. भारतातील विद्यापीठात त्या विषयाचे एक वर्ष यशस्वीपणे पुरे करणे, जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण होणे किंवा तेथील पूर्वतयारीचे वर्ष करणे, असे मार्ग आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे ‘येथे बी.एस्सी., मग तेथे’ हे सूत्र आखूड होऊन तेथे टिकून आहे, असे म्हणता येईल. अमेरिकेत शाखांची कुंपणे सैल आहेत. तेथे चारही वर्षांचे विषय पाहतात आणि निबंध वाचतात. आनंदीबाईंच्या पत्राची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. सोळाव्या वर्षी गणित सोडले, तर भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि बव्हंशी रसायनही परदेशात बंद होते. रसायन सोडले, तर वैद्यक आणि जीवशास्त्राच्या अनेक शाखा बंद होतात. नेमके कोणते शास्त्र, हे ठरलेले नसलेल्या विद्यार्थ्याने भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र ही चौकडी झेपत असेल तोवर सांभाळावी. गुण दोन-चार टक्क्यांनी कमी पडण्याची भीती आणि दार कायमचे बंद होण्याची शक्यता यांची तुलना शांतपणे करावी.

मराठीविषयी काय? भाषेच्या शिक्षकाने भाषेची वकिली केली, की ती स्वार्थाची वाटते. म्हणून वरची चरित्रेच पुरावा म्हणून पुढे ठेवली. त्यांपैकी कोणीही भाषा टाकून विज्ञानाकडे किंवा विद्येकडे गेले नाही. त्यांच्या काळी दुसरी भाषा हा प्रतिष्ठेचा उंबरठा होता, आणि तो अनेकांवर अन्यायही करीत असे. आज तो उंबरठा उरलेला नाही, याचे दुःख नाही. पण २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याच मराठीला विज्ञानाची मुले गुणांच्या हिशेबात अकरावीच्या अर्जावर खोडतात, ही विसंगती मन विषण्ण करणारी आहे. रानड्यांच्या काळी अभिजात नसल्यामुळे मराठी वगळली गेली होती. आता अभिजात होऊनही ती वगळली जाते.

या साऱ्यात एक दोष आमच्याही क्षेत्राचा आहे. उपयोजित मराठीच्या नावाखाली आपण जे शिकवतो, त्यात विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपला विषय चार परिच्छेदांत समजावून सांगण्याचा सराव फार थोडा असतो. असा सराव जिच्यात आहे, ती भाषा तो आपण होऊन ठेवील.

शेवटी एक सूचना. राजाराम महाविद्यालय १८८० पासूनचे आहे. कोल्हापूर परिसरातील जुन्या शाळा, वसतिगृहे आणि दप्तरखाने यांत विद्यार्थ्यांच्या नोंदी, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, शिफारसपत्रे आजही असण्याचा संभव आहे. कोणत्या घरातील मुलाने वा मुलीने कोणते विषय घेतले, कोणाला ते मिळाले नाहीत, कोण कोठवर पोहोचले, याचा शोध मराठीच्या एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी घ्यावा. मोडी वाचता येत असेल, तर उत्तमच. इतिहासाच्या विद्यार्थ्याची त्याला साथ मिळाली, तर आणखी बरे. नामवंतांच्या चरित्रांतून हाती आलेला हा इतिहास तेव्हाच सर्वसामान्यांपर्यंत पोहोचेल, आणि अर्ज भरायला बसलेल्या आजच्या मुलांना आपल्याच गावातील आधीच्या मुलांची सोबत मिळेल.